तांबड्या मातीतले पिओनी : अल्फारेटाच्या परसातल्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२२

खोकं आलं. आत भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या चार पिशव्या आणि त्यांत लाकडाच्या भुशात गुंडाळलेले पिओनीचे, म्हणजे थंड हवेतल्या मोठ्या फुलांच्या झाडाचे, गड्डे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी वाळकी रताळी पाठवली आहेत. पण वरच्या अंगाला डोळे आहेत, गुलाबी-पांढरट, टोकदार, करंगळीच्या नखाएवढे. प्रत्येक तुकड्यावर तीन ते पाच. घरी ऊस होता, त्यामुळे बेणं हातात घेतल्यावर आधी डोळे मोजायचे ही सवय अजून सुटलेली नाही. दोन मुळ्यांच्या टोकांना बुरशीचं पांढरं जाळं होतं. तेवढा भाग धारदार सुरीने कापला, मुळं धुतली आणि रात्रभर सावलीत सुकू दिली.

अल्फारेटा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला आहे. पिओनी म्हटलं की लोक उत्तरेकडची थंड राज्यं सांगतात, मिनेसोटा, विस्कॉन्सिन. जॉर्जियाचं नाव कुणी घेत नाही. कारण दोन. या झाडाला हिवाळ्यात गारठा भरून मिळावा लागतो. तापमान ४५ फॅरेनहाइटच्या (७ सेल्सिअस) खाली राहिलेले तास मोजतात आणि जातीनुसार साधारण ५०० ते १००० तास लागतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या हवामान जाळ्यावर हे तास पीचवाल्यांसाठी रोज मोजले जातात, तेच मीही बघतो. अटलांटाच्या उत्तरेला ते बहुतेक वर्षी भरतात. म्हणजे खरी गोची दुसऱ्या टोकाला आहे. मेच्या मध्यापासून इथे दमट उकाडा सुरू होतो. कळी त्याआधी उमलली तर उमलली.

म्हणून जाती निवडताना रंगाआधी फुलण्याची वेळ बघितली:

फेस्टिव्हा मॅक्सिमा. पांढरी, मध्ये किरमिजी ठिपके. फ्रान्समधली, १८५१ सालची. अमेरिकेच्या दक्षिणेत कोणालाही विचारा, पहिलं नाव हेच सांगतात. लवकर ते मध्यम हंगाम.

कोरल चार्म. १९६४ची, पोवळ्याच्या रंगाची, निमदुहेरी पाकळ्यांची. लवकर फुलते. पाकळ्या कमी असल्या की कळी उघडायला कमी दिवस लागतात, हा तिचा मोठा गुण.

बार्टझेला. पिवळी, इटोह संकर (मऊ देठाच्या आणि झुडुपी पिओनीचा). उशिरा फुलते, पण उष्णता सोसते म्हणतात.

सारा बर्नहार्ट. तीन घेतल्यावर चौथी फुकट मिळाली. गुलाबी, गच्च दुहेरी. १९०६पासून फुलबाजाराची लाडकी, आणि उशिरा फुलणारी. आमच्या हवेला हिच्याइतकी न जुळणारी जात शोधून सापडणार नाही. तरी लावतोय. बाकीच्या तिघींशी ताडून बघायला बरी.

आणखी एक कारण आहे, तेही लिहून ठेवतो. आमच्या भागात हरणं गुलाब खातात, होस्टा खातात, ट्यूलिपच्या कळ्या तर मिटक्या मारत खातात. पिओनीला तोंड लावत नाहीत.

१३ नोव्हेंबर २०२२

लागवड झाली. घराच्या पूर्वेला दहा फूट बाय चार फुटांचा गादीवाफा केला आहे, जमिनीपासून दहा इंच उंच. दुपारी एकपर्यंत ऊन, नंतर घराची सावली.

इथली माती म्हणजे तांबडी चिकण. ओली असताना फावड्याला चिकटते, वाळली की टिकाव उसळतो. ऑगस्टमध्ये कौंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात नमुना दिला होता, सामू (पीएच) ५.२ आला. पिओनीला साडेसहाच्या आसपास हवा. सप्टेंबरमध्येच डोलोमाइट चुना मिसळून ठेवला, कारण चुना लगेच काम करत नाही, त्याला महिने लागतात. पाइनच्या सालीचा चुरा भरपूर घातला. वाळू घालू नका असं विस्तार कार्यालयातल्या बाईंनी बजावलं होतं: चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की वीट तयार होते.

हाडांचा चुरा घातला नाही. अहवालात स्फुरद पुरेसं आहे आणि त्या वासाने रॅकून येऊन वाफा उकरतात. नत्र तर शून्य. नत्राने पानं माजतात आणि कळ्या मागे राहतात.

सगळ्यात जास्त वेळ खोलीवर गेला. खड्ड्यावर आडवी फळी टाकायची, फळी म्हणजे जमिनीची पातळी. तिच्यापासून डोळ्यापर्यंत पट्टी लावायची. उत्तरेत डोळे दोन इंच खाली ठेवतात. इथे एक इंच, त्याहून खोल नाही. वरची माती गोधडीचं काम करते आणि आपल्याला डोळ्यांना गारठा लागू द्यायचा आहे. खोल गेलेला गड्डा वर्षानुवर्षं नुसती पानं देतो. आणखी एक बारीक गोष्ट: भुसभुशीत मातीवर गड्डा ठेवून पाणी दिलं की माती बसते आणि गड्डा तिच्याबरोबर खाली जातो. म्हणून आधी खड्ड्यात मातीचा उंचवटा करून तो मुठीने ठोकला, पाणी जिरवलं, मग वर गड्डा ठेवला आणि पुन्हा पट्टी लावली.

शिकागोजवळ राहणाऱ्या मावसभावाला फोटो पाठवला. त्याच्याकडे पिओनी रानासारखे माजलेत. "अरे, एवढं वर? गोठून मरेल की!"

"दादा, इथे गोठायला काही आहे का? तुझी थंडी पाठव, मग दोन इंच खाली घालतो."

आच्छादन फक्त कडेने. गड्ड्यांच्या डोक्यावर काही नाही.

२४ डिसेंबर २०२२

दादाने थंडी पाठवली! पहाटे ८ फॅरेनहाइट, म्हणजे उणे १३ सेल्सिअस. सगळ्या कॅमेलियांच्या कळ्या एका रात्रीत तपकिरी. बायको म्हणाली, वाफ्यावर जुनी चादर तरी टाक. टाकली नाही. याच गारठ्यासाठी एवढी मोजमापं केली होती.

२३ फेब्रुवारी २०२३

पारा ८० फॅरेनहाइटच्या पुढे, फेब्रुवारीत. कोरल चार्मचे तीन धुमारे वर आलेत, लालसर जांभळे, टोकाशी मिटलेल्या मुठीसारखे वळलेले. फेस्टिव्हाचे दोन. बार्टझेला आणि सारा अजून जमिनीत. त्यांना घाई नाही, आणि आज तेच शहाणपणाचं वाटतंय.

२० मार्च २०२३

गेल्या आठवड्यापासून पुन्हा गोठणबिंदूखालच्या रात्री. सकाळी कोरल चार्म माना टाकून जमिनीवर लोळत होती. हात लावला तर देठ थंडगार आणि काचेगत कडक. पाणी मारलं नाही, छाटलं नाही, तसंच राहू दिलं. अकराच्या सुमाराला ऊन वाफ्यावर आलं आणि तासाभरात सगळे धुमारे उभे. एका पानाची कड तेवढी जळली.

रस्त्याच्या टोकाला कुणाच्या तरी अंगणात पीच पूर्ण फुलावर होता. आज त्याच्या पाकळ्या कागदासारख्या तपकिरी.

१४ मे २०२३

नुसती पानं. कोरल चार्मला वाटाण्याएवढी एक कळी आली होती, ती खुडली. पहिल्या वर्षी झाडाने मुळं वाढवावीत. सारा एका काडीवर उभी आहे.

१० जून २०२३

यंदा जॉर्जियाचा ९० टक्क्यांहून जास्त पीच गेला. हिवाळ्यात गारठ्याचे तास कमी पडले, त्यावर फेब्रुवारीचा उकाडा, त्यावर मार्चमधलं हिव. पीचची आणि पिओनीची दुखणी एकाच घरची आहेत. फरक इतकाच की पीचची कळी झाडावर उघडी असते आणि पिओनीची बराच काळ मातीत, त्यामुळे त्या मार्चने पीचचा बळी घेतला आणि पिओनी वाचला.

पुण्याहून आत्याचा फोन. फोटो बघून तिने विचारलं, "मला पाठव की रे एक गड्डा, गच्चीत कुंडीत लावते."

"आत्या, पुण्यात नाही व्हायचं ते."

"का? जानेवारीत स्वेटर घालतो आम्ही."

जानेवारीत पुण्याचं सरासरी किमान तापमान ११-१२ अंश असतं. एखाद्या पहाटे ८ झालं तरी दहा वाजता ऊन तापतं. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात, पण ती एका पहाटेची गंमत. पिओनीला असे तास आठवडेच्या आठवडे हवेत. कुणी कुंडीत बर्फ ओततात. मला ते पटत नाही. दहा पौंडांची बर्फाची पिशवी इथल्या जानेवारीतल्या दुपारीसुद्धा टिकत नाही, आणि वितळलं की उरतं ते गड्ड्याभोवती साचलेलं पाणी. गड्डे शीतगृहात ठेवून मग लावतात, तो रस्ता खरा आहे. हॉलंडमध्ये आणि इस्रायलमध्ये फुलांच्या धंद्यासाठी तसं करतात. पण तो धंद्याचा खटाटोप झाला, आत्याच्या गच्चीचा नव्हे.

तिला सांगितलं, भारतातला पिओनी बघायचा तर हिमालयात जा. काश्मीरपासून नेपाळपर्यंत दोन-तीन हजार मीटरवर एक रानटी जात आहे, पांढऱ्या एकेरी पाकळ्यांची, मध्ये पिवळा पुंकेसरांचा झुपका. काश्मिरात तिला मामेख म्हणतात. युनानी हकिमांच्या दुकानात ऊद सलीब म्हणून मिळणारं मूळ पिओनीचंच. आत्या म्हणाली, "बरं, मग निशिगंधच लावते." अगदी योग्य निर्णय.

२६ ऑगस्ट २०२३

पानांवर जांभळट ठिपके. या दमट हवेत ते यायचेच. खालची, मातीला टेकणारी पानं काढून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. पाणी आठवड्यातून एकदा, मुळाशी, सकाळी.

१९ नोव्हेंबर २०२३

छाटणी. बार्टझेला सोडून बाकीच्या तिघी जमिनीलगत कापल्या आणि सगळा पाला पिशवीत भरून बाहेर टाकला. बुरशीचे बीजाणू जुन्या पाल्यातच हिवाळा काढतात.

बार्टझेला मात्र चार-पाच इंच ठेवून कापली. इटोह जातींत झुडुपी पिओनीचं रक्त आहे, त्यामुळे जमिनीच्या वरच्या लाकडासारख्या देठावरही डोळे धरतात. तोइची इटोह या जपानी माणसाने १९४८मध्ये मऊ देठाच्या पांढऱ्या पिओनीवर पिवळ्या झुडुपी पिओनीचा पराग टाकला. तोवर हे दोघे जुळत नाहीत असंच सगळे धरून चालले होते. १९५६मध्ये तो गेला. त्याच्या रोपांना पहिली फुलं आली ती त्यानंतर. पुढे ती रोपं अमेरिकेत आली आणि १९७४मध्ये नावानिशी नोंदली गेली. माझी बार्टझेला त्याच वाटेवरची, विस्कॉन्सिनमधल्या रॉजर अँडरसन यांची, १९८६ची. सुरुवातीला तिच्या एका गड्ड्याला शेकडो डॉलर पडायचे. आता ऊतिसंवर्धनामुळे आवाक्यात आली.

याच आठवड्यात अमेरिकी कृषी खात्याचा नवा थंडी-विभागांचा नकाशा आला. अटलांटा ८-अ मध्ये. म्हणजे हिवाळ्यातलं सर्वांत थंड टोक पूर्वीपेक्षा थोडं उबदार. जात निवडताना यापुढे हेही धरायचं.

२० एप्रिल २०२४

आई साताऱ्याहून आली आहे. वाफा बघून तिचा पहिला प्रश्न: "दीड वर्ष झालं ना रे? इतक्यात शेवग्याच्या शेंगा खाऊन झाल्या असत्या."

कोरल चार्मला तीन कळ्या, फेस्टिव्हाला दोन. आईने मुंग्या बघितल्या आणि हळद आणायला घरात निघाली. थांबवलं. खाली बसून दोघांनी नीट बघितलं. कळी अजून घट्ट, सुपारीएवढी. बाहेरच्या हिरव्या दलांच्या कडेवर पारदर्शक चिकट थेंब येतो, अगदी बारीक. मुंगी येते, तो थेंब चाटते, दुसऱ्या दलावर जाते, परत येते. तोवर नवा थेंब तयार. आईने थेंब बोटाला लावून चाखला. "गोड आहे की!"

मुंग्या चाटतात म्हणून कळी उघडते, असं इथले जुने लोक सांगतात. तसं नाही, मुंग्या नसल्या तरी कळी उघडते. पण फुकटच्या गोडासाठी त्या कळीवर पहारा देतात आणि कळी खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून हळद नको, औषधही नको.

२८ एप्रिल २०२४

कोरल चार्म उमलली. पहिल्या दिवशी झणझणीत पोवळं. आज दुसऱ्या दिवशी कडा फिक्या, जर्दाळूसारख्या. आई रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभी. फेस्टिव्हाचा वास दारापर्यंत येतो. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडेला लाल शिंतोडे आहेत. आईला वाटलं कुणीतरी कुंकवाचा हात झटकला.

२ मे २०२४

कोरलच्या पहिल्या फुलाचा रंग मोतिया झाला, मग पाकळ्या गळल्या. एकाच झाडावर एकाच वेळी तीन फुलं तीन रंगांची होती.

१९ मे २०२४

बार्टझेलाला एक फूल. ताटलीएवढं, लिंबाच्या रंगाचं, मध्याशी लाल झाक. दुपारी ८८ फॅरेनहाइट असतानाही देठ ताठ.

साराला दोन कळ्या आल्या होत्या. गोळीएवढ्या झाल्या, तिथेच थांबल्या. एक वाळून कडक झाली. दुसरीवर पावसानंतर करडी बुरशी चढली आणि देठ काळा पडला. दोन्ही कापून पिशवीत. कळी आतून उभी चिरून बघितली: पाकळ्या शेकड्याने, सगळ्या तयार, एकमेकींना चिकटून तपकिरी झालेल्या. थंडी तिला मिळाली होती, नाहीतर कळीच धरली नसती. उकाड्याआधी उघडायला आठ-दहा दिवस कमी पडले. फुलबाजारात सारा राणी आहे, पण दक्षिणेतल्या माणसाला तिचा गड्डा विकणारा दुकानदार फक्त फोटो विकतो.

आई म्हणाली, "पाणी कमी पडलं असेल." तिच्याशी वाद घातला नाही.

२८ सप्टेंबर २०२४

हेलेन वादळ गेलं. अटलांटात दोन दिवसांत ११ इंचांहून जास्त पाऊस. एवढा पाऊस बघितला की सातारा आठवतो, पण ही माती पाणी पीत नाही. वाफ्याच्या दोन्ही बाजूंच्या वाटांत अजून घोटाभर पाणी आहे. गादी मात्र वर आहे आणि तिच्यावर एक थेंब साचलेला नाही. कोपऱ्यातली माती बोटांनी बाजूला करून फेस्टिव्हाचं एक मूळ दाबून बघितलं: टणक. पानं आधीच तपकिरी झालेली, त्यामुळे वरचं नुकसान असं काही नाही. शेजारच्यांनी सपाट जमिनीत लावलेली लॅव्हेंडर गेली.

दहा इंच उंचीसाठी मातीच्या ढकलगाड्या ओढताना शिव्या घातल्या होत्या. त्या मागे घेतो.

१० जानेवारी २०२५

बर्फ. अटलांटात दोन इंच, शाळा बंद. वाफा पूर्ण पांढरा. दादाला फोटो पाठवला, तो हसतोय.

४ मे २०२५

गारठा यंदा भरपूर मिळाला आणि तो दिसतोय. कोरल चार्म अकरा फुलं. फेस्टिव्हा सात. तिची फुलं पावसाने भिजली की जडावून माना टाकतात, म्हणून एप्रिलमध्येच तारेची कडी बसवून ठेवली होती. धुमारे फूटभर झाल्यावर कडी घालायला गेलं की देठ मोडतात.

घरात आणायची फुलं उमलण्याआधी कापायची. कळी दोन बोटांत दाबून बघायची. दगडासारखी लागली तर फुलदाणीत उघडणार नाही, मऊ लागली की कापायची. अशी एक कोरडी कळी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवली आणि मंडळाच्या कार्यक्रमाच्या दिवशी पाण्यात घातली. संध्याकाळपर्यंत पूर्ण उघडली. फळांच्या शेजारी ठेवायची नाही, तेवढं पथ्य.

कापताना देठावर खाली दोन पानं तरी सोडतो. पुढच्या वर्षीचे डोळे या पानांच्या जिवावर धरतात. म्हणूनच फुलं संपली तरी पाला ऑक्टोबरपर्यंत राखायचा, कितीही कळकट दिसला तरी.

१८ मे २०२५

बार्टझेला पाच फुलं, सहावी कळी फुगतेय. साराला चार कळ्या, त्यातली एक अर्धी उघडली, तीही एका बाजूने. एवढा गारठा मिळूनही. निकाल लागला.

दादाशी बोलणं झालं. ऑक्टोबरमध्ये सारा खणून त्याच्याकडे पाठवायची. तिकडे ती जूनमध्ये निवांत फुलेल. "आणि हो, दोन इंच खाली घाल," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस," तो म्हणाला.

तिच्या जागी बोल ऑफ ब्यूटी मागवली. १९४९ची, डच. बाहेर गुलाबी पाकळ्यांचं एकच कडं आणि मध्ये मलईच्या रंगाच्या अरुंद पाकळ्यांचा झुपका, म्हणजे पटकन उघडणारी. जुन्या खड्ड्यातली माती पूर्ण काढून नवी भरावी लागेल, पिओनीच्या जागी पिओनी लगेच लावला तर रोग धरतो. ऑर्डर देताना शेरा लिहिला: गड्डा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. नर्सरीवाले सप्टेंबरपासून पाठवायला लागतात आणि तेव्हा इथली माती अजून गरम असते.